कपातल्या हवेचं वजन

एक कप अक्रोड म्हणजे किती ग्रॅम?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक कोष्टकात उत्तर शोधायला गेलं, तर एकट्या अक्रोडापुढे पाच आकडे दिसतात. कवचासकट अक्रोडांनी कप भरला तर त्यात जेमतेम सात मावतात आणि फोडल्यावर खायला गर उरतो २८ ग्रॅम. सोललेल्या अर्ध्या फोडी भरल्या तर १०० ग्रॅम. चिरून भरले तर ११७. तुकडे केले तर १२०. आणि दळून पूड केली की त्याच कपात बसतात फक्त ८० ग्रॅम. पाचही आकडे खरे आहेत. म्हणजे ‘एक कप अक्रोड’ एवढंच लिहिणाऱ्या पाककृतीने २८ पासून १२० पर्यंतचं अख्खं मैदान मोकळं सोडलेलं असतं, आणि तुमच्या हाती सुरी देऊन ती निघून गेलेली असते.

मला या आकड्यांचा नाद लागला तो स्वयंपाकापेक्षा कुतूहलापोटी. कपाचे ग्रॅम करून देणारी कोष्टकं पाहिली की वाटतं, प्रत्येक जिन्नसाला आपापला ठरलेला आकडा असणार. पाण्याला तो असतो. पाणी कपाच्या कडेकपारीत शिरतं, मध्ये पोकळी ठेवत नाही. २३७ मिलिलिटरच्या कपात २३७ ग्रॅम पाणी, विषय संपला. सुकामेवा असा वागत नाही. दोन दाण्यांमध्ये हवा असतेच, आणि कप ती हवाही तितक्याच इमानाने मोजतो. कोष्टकातले १४३ ग्रॅम हा त्यामुळे बदामाचा स्वभावधर्म नव्हे; बदाम, सुरी, कप आणि भरणारा हात अशा चौघांनी मिळून तो ठरवलेला असतो.

हवा तरी किती? बदामाच्या गराची घनता पाण्याच्या आसपास असते. अख्ख्या बदामांचा कप भरतो साधारण १४३ ग्रॅम. २३७ मधले १४३, म्हणजे साठ टक्के. उरलेल्या चाळीस टक्क्यांत काहीच नाही. अक्रोडाच्या अर्ध्या फोडींची तऱ्हा याहून न्यारी: तिथे निम्म्याहून अधिक कप रिकामाच असतो. सगळी हवा काढून टाकली तर काय होतं, तेही त्याच कोष्टकात सापडतं. कच्च्या अख्ख्या शेंगदाण्यांचा कप १४६ ग्रॅमचा, आणि पीनट बटरचा कप २५८ ग्रॅमचा. दाणे वाटले गेले, तेल सुटलं, फटी बुजल्या, आणि कप पाण्यापेक्षाही किंचित जड झाला.

या फटींचं गणित स्वयंपाकघराच्या फार बाहेरून सुरू होतं. एकसारखे गोळे जास्तीत जास्त दाटीने कसे रचता येतील, याबद्दल योहानेस केप्लरने १६११ मध्ये एक अटकळ मांडली होती: कितीही डोकं लढवा, ७४ टक्क्यांच्या वर जागा भरता येणार नाही. सिद्धता मिळायला जवळपास चारशे वर्षं गेली. टॉमस हेल्स यांनी ती १९९८ मध्ये दिली, पण ती इतकी अवाढव्य होती की तपासणारेही थकले. शेवटी २०१४ मध्ये संगणकाकडून तिची ओळन् ओळ तपासून झाली. हे झालं निगुतीने रचलेल्या गोळ्यांचं. आपण हेझलनट एकेक रचत बसत नाही, ओततो. नुसते ओतून आणि हलवून बसवलेले गोळे ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. गंमत पुढे आहे. २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की गोळा थोडा चपटा किंवा लांबट केला की तो ओतल्यावर अधिक दाटीने बसतो. त्यांनी त्यासाठी एम अँड एमच्या चॉकलेट गोळ्या वापरल्या होत्या आणि त्या ६८ टक्क्यांच्या वर गेल्या. लांबट आकाराला वळायला, तिरकं व्हायला जागा लागते, त्यामुळे हलेनासं होण्याआधी त्याला अधिक शेजारी चिकटावे लागतात.

बदामही लांबट आणि चपटाच. मग तो साठावरच का थांबतो? एक तर आपण कप हलवून हलवून भरत नाही. दुसरं, कप लहान आहे. भिंतीला टेकलेल्या बदामामागे नेहमी एक पोकळी उरते, आणि कप लहान असला की भिंतीजवळचे बदामच संख्येने जास्त. मोठ्या डब्यात हा तोटा जाणवत नाही, पाव कपाच्या मापात चांगलाच जाणवतो. म्हणून पाव कपाने चार वेळा मोजलेले बदाम आणि एक कपाने एकदा मोजलेले बदाम यांचं वजन सारखं भरेल असं धरून चालू नये. त्यात वरच्या काठाचा प्रश्न आहेच. पिठाचा कप सुरीच्या पाठीने सपाट करता येतो. बदामाचा कप सपाट कसा करणार? काठावर एखादा उभा, एखादा अर्धा बाहेर लोंबत. एकाचा ‘सपाट’ दुसऱ्याचा ‘शिगोशीग’ असतो.

आता सुरी हातात घ्या. चिरलं की तुकडे फटींत बसतात, कप जड होतो, असं आपण गृहीत धरतो. अक्रोडाच्या बाबतीत ते खरंही आहे: १०० चे ११७ झाले. पेकान अक्रोडाचाच भाऊबंद, तोही तसाच वागतो: अर्ध्या फोडी ९९, चिरलेले १०९. पण बदामाकडे वळलं की आकडे उलटे पळायला लागतात. अख्खे १४३, उभ्या सळया १०८, पातळ काप ९२. हेझलनटचंही तेच: अख्खे १३५, चिरलेले ११५, दळलेले ७५. एकच सुरी अक्रोडाचा कप जड करते आणि बदामाचा हलका.

कारण आकारातच आहे. अक्रोडाची अर्धी फोड म्हणजे सुरकुत्या, खाचा आणि मधला खळगा. ती एकटीच इतकी जागा अडवते की तिचे तुकडे केल्यावर फायदाच होतो, खळगे मोडतात आणि बारीक चुरा उरलेल्या फटींत उतरतो. बदाम आणि हेझलनट मुळातच गुळगुळीत, भरीव, एकमेकांवरून घसरून जागेवर बसणारे. त्यांची ती घडण सुरीने मोडली की हाती येतात कोनाडे, कडा आणि पातळ चकत्या. बदामाच्या कापांचा कप म्हणजे विस्कटलेल्या पत्त्यांचा ढीग, प्रत्येक पान दुसऱ्यावर तिरकं टेकलेलं आणि खाली हवा. कोष्टक पाठ करण्यापेक्षा एवढं एक लक्षात ठेवलेलं मला जास्त उपयोगी पडतं. खाचखळग्यांचा मेवा चिरला की कप जड होणार, गुळगुळीत मेवा चिरला की हलका होणार. आकडा आठवला नाही तरी तो कुठल्या बाजूला सरकणार ते कळतं.

दळल्यावर मात्र दोघेही एका माळेचे मणी. अक्रोड ८०, बदाम ९५, हेझलनट ७५. कण इतके लहान झाले की त्यांचं वजन त्यांना खाली ओढायला पुरत नाही. तेलाने ओशट झालेले कण एकमेकांना धरून कमानी बांधतात आणि त्या कमानींखाली हवा कोंडून राहते. हीच पूड चमच्याने दाबा, कप दोनदा ओट्यावर आपटा, कमानी कोसळतात आणि आणखी बरीच पूड मावते. दळलेल्या मेव्याचा आकडा म्हणूनच सगळ्यात बेभरवशाचा. आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पूड केलेला बदाम पिठाच्या जागी वापरतात.

हिशेब करून पाहू. अख्ख्या बदामांचा एक कप, १४३ ग्रॅम, दळला की दीड कप पूड होते. पाककृतीत लिहिलंय ‘एक कप दळलेले बदाम’, म्हणजे ९५ ग्रॅम. कोणी ‘एक कप बदाम’ एवढंच वाचून १४३ ग्रॅम तोलले आणि दळून टाकले, तर ४८ ग्रॅम बदाम जास्त गेले. म्हणजे मुळापेक्षा निम्मे अधिक. बदामात जवळजवळ अर्धा भाग तेल, म्हणजे चोवीसेक ग्रॅम चरबी फुकटची, आणि तेवढाच ओलावा शोषायला तयार बसलेला कोरडा ऐवज. केक मधोमध बसतो, खाली ओशट थर धरतो, आणि बोट मात्र ओव्हनकडे दाखवलं जातं.

इंग्रजीतल्या पाककृतींत याबाबत एक शिस्त पाळायचा प्रयत्न असतो. ‘चिरलेले’ हा शब्द जिन्नसाच्या नावाआधी आला तर आधी चिरा, मग मापा. नावानंतर स्वल्पविराम देऊन आला तर आधी मापा, मग चिरा. नियम चोख आहे. अडचण एवढीच, की तो पाळणारे लेखक आणि तो माहीत असणारे वाचक यांची गाठ क्वचितच पडते. एका स्वल्पविरामावर अक्रोडाचे १७ ग्रॅम आणि दळलेल्या बदामाचे ४८ ग्रॅम टांगून ठेवायचे, हे मला काही पटत नाही. ग्रॅममध्ये लिहिलं की ही भानगडच उरत नाही. शंभर ग्रॅम अक्रोड चिरण्याआधी शंभर, चिरल्यावरही शंभर (पाटावरून जे तोंडात गेले ते सोडून).

हे सगळं एकाच कपाबद्दल झालं. कपही एक नाहीत. अमेरिकेतला नेहमीचा कप २३६.६ मिलिलिटर, तिथेच अन्नाच्या वेष्टनावरच्या माहितीसाठी धरतात तो २४०, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. जुन्या ब्रिटिश अर्ध्या पाइंटाचा कप धरला तर २८४. बदामांत बोलायचं तर २०० आणि २५० च्या कपांत तीसेक ग्रॅमचा फरक पडतो. मापं सपाट भरावीत, सगळ्यांनी एकाच आकाराचा कप घ्यावा, हा आग्रह बोस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये छापून घरोघरी पोहोचवला. त्याआधी ‘अक्रोडाएवढं लोणी’ अशी मापं सर्रास चालत. तेव्हा अक्रोड स्वतःच माप होता, त्याला मोजायची वेळ यायची नव्हती! कपाला नावं ठेवताना हे विसरू नये. अंदाजपंचे कारभारातून कपाने पुष्कळ शिस्त आणली. साखर, दूध, तेल अशा गोष्टींसाठी तो आजही पुरेसा आहे.

औंसांचा घोळ वेगळाच. ‘एक कप म्हणजे आठ औंस’ हे वाक्य पाठ झालेलं असतं, आणि ते द्रवासाठी आहे हे विसरलेलं असतं. द्रव औंस आकारमानाचा, २९.६ मिलिलिटर, वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ जुळतात म्हणून फसगत ध्यानात येत नाही. ‘आठ औंस बदाम’ लिहिलं असेल तर ते २२७ ग्रॅम, म्हणजे कपाने भरायला गेलं तर दीड कपाहून जास्त. अक्रोडाच्या अर्ध्या फोडी असतील तर सव्वादोन कप.

मिश्र सुकामेव्याच्या पाकिटाची तर स्वतंत्र भौतिकी आहे. हलवलं की मोठे दाणे वर येतात आणि बारीक खाली जातात; याला भौतिकशास्त्रात ‘ब्राझील नट परिणाम’ असंच नाव पडलं आहे. १९८७ मध्ये त्यावर एक गाजलेला शोधनिबंध आला. २०२१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हलत्या मेव्याच्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या, तेव्हा दिसलं की आडवा पडलेला ब्राझील नट आधी हळूहळू उभा होतो आणि मग वर सरकायला लागतो. आपल्यापुरतं सांगायचं तर चिरलेल्या मेव्याच्या पाकिटातला वरचा कप आणि तळचा कप यांचं वजन एक नसतं. वर मोठे तुकडे आणि हवा, तळाशी चुरा आणि चुऱ्याने भरलेल्या फटी.

मग वजन करा, संपलं, असं म्हणावं तर वजनकाट्याचीही थोडी थापेबाजी आहे. काटा पदार्थाचं वजन सांगतो, त्यात पाणी किती हे सांगत नाही. कच्च्या शेंगदाण्यात साडेसहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, खरपूस भाजल्यावर दोन टक्क्यांच्याही खाली. शंभर ग्रॅम कच्चे दाणे भाजून निघतात तेव्हा ९५ च्या जवळ असतात. मेवा कच्चा तोलायचा की भाजून, हे न सांगणारी पाककृती ग्रॅम लिहूनही अर्धवटच. भाजल्याचा फरक तसा क्षुल्लक, सोडून देता येतो. भिजवलेल्या मेव्याचा मात्र सोडता येत नाही. रात्रभर पाण्यात राहिलेला बदाम चांगलाच फुगतो. तो तोलला तर पाणीच तोललं जातं. भिजवायचा मेवा कोरडा असतानाच तोलावा आणि पाककृतीत ‘कोरडे असताना’ असं दोन शब्दांत नोंदवावं. सालं काढण्यासाठी गरम पाण्यातून काढलेल्या बदामांनाही हेच लागू.

काट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं, म्हणजे धडा बांधून घ्यायचा, एवढं आता सगळ्यांना येतं. त्यापुढची एक खोडी कमी लोकांना ठाऊक असते. बरेचसे डिजिटल काटे शून्याजवळची बारीकसारीक हालचाल ‘काट्याचं डळमळणं’ समजून गिळून टाकतात आणि पुन्हा शून्यच दाखवतात. पिस्त्याची पूड चिमटीचिमटीने भुरभुरवत राहिलं तर दोनतीन ग्रॅम पडूनही आकडा हलत नाही. उपाय सोपा: पूड वेगळ्या वाटीत घ्यायची आणि एकदम ओतायची. किंवा पूड भरलेलं भांडंच काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि त्यातून काढत जायचं. काटा वजाबाकी दाखवतो. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर पाच ग्रॅम तोलले तर अर्ध्या ग्रॅमचा फरक सहज राहतो, आणि तो दहा टक्के होतो. इतक्या लहान मापाला चमचाच बरा.

काटाच नसेल तर? मोजायचे. अक्षरशः. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात हवा येतच नाही. एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, २३ बदाम बसतात. बदाम झाला सव्वा ग्रॅमचा. अक्रोडाच्या अर्ध्या फोडी बसतात १४, म्हणजे फोड दोन ग्रॅमची. कोष्टकात अर्ध्या फोडींचा कप ५० फोडींचा धरला आहे, आणि त्याचं वजन १०० ग्रॅम. दोन्हीकडून हिशेब जुळतो. पिस्ते ४९ लागतात, ब्राझील नट मात्र सहाच. मेव्याचा दाणा लहानमोठा असतो हे खरं, पण पन्नास फोडी मोजल्या की लहानमोठेपणाची बरीचशी वजाबाकी होऊन जाते. शंभर ग्रॅम बदाम हवेत तर ऐंशी मोजा. कप घेऊन ‘सपाट की शिगोशीग’ यावर अडून बसण्यापेक्षा हे लवकर होतं. पिस्त्यांसाठी मी कुणाला हे सुचवणार नाही.

सगळीकडे इतका काथ्याकूट करायची गरज नसते, हेही सांगायला हवं. वरून पेरायचे काप, सॅलडमध्ये टाकायचे तुकडे, बिस्किटात मधूनच दाताखाली येणारा मेवा: इथे वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट जरा जास्त पडले तर कुणी तक्रार करत नाही. मेवा जिथे पदार्थाची घडण सांभाळतो तिथेच काटा काढावा. बदामपिठाचा केक, मेव्याचं दूध, मेव्याचं लोणी, साखरेच्या पाकात बांधायच्या वड्या.

जुनी, कपातच लिहिलेली पाककृती हाती आली की मी आधी तिच्यातली अंडी बघतो. सगळं कपातच असेल आणि अंडी नसतील तर प्रमाण सांभाळलं जातं. कप लहान असो की मोठा, सगळेच जिन्नस त्या पटीत वाढतात. अंडी मात्र नगावर येतात, मोठ्या अंड्याचा कवचाखालचा ऐवज पन्नासेक ग्रॅम, आणि ती कपाबरोबर वाढत नाहीत. अंडी जास्त आणि मेव्याची पूड कपात असेल तर लेखकाचा कप कोणता हे शोधावंच लागतं. अशा वेळी मी पूड हलक्या हाताने भरलेली समजून कमी आकड्यापासून सुरुवात करतो. मिश्रण सैल वाटलं तर चमचाभर वाढवता येते. दाट झालेल्यातून काढून घेता येत नाही.

बाकी ठिकाणी माझं स्वतःचं कोष्टक आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. माझा कप, माझा हात, आणि कप तीनदा भरून तोललेल्याची सरासरी. शेवटचा अंक मी सरळ पाचाच्या पटीत नेतो, कारण १४३ मधल्या तिनावर माझा विश्वास नाही. पुढचा कप १३७ चा भरेल किंवा १४८ चा. अख्खे बदाम १४०, दळलेले ९५, अक्रोडाच्या फोडी १००, चिरलेले ११५. हेझलनटच्या ‘चिरलेले’ रकान्यात एक आकडा न लिहिता ‘१०५ ते ११५’ असं लिहिलंय, सुरीला त्या दिवशी किती उत्साह आहे त्यावर ते ठरतं. पिस्त्यांची ओळ अर्धीच आहे, अख्खे १२५. त्यांच्या कापांपुढचा रकाना कोराच ठेवलाय, कारण ते कपाने मोजायची पाळी कधी येत नाही, चिमटीने टाकले जातात.